पुस्तकांच्या पेटीतून

डच गावांची नावं लिहायची एक आणि उच्चारायची भलतीच. खोर्कम हे नकाशावर बघायला गेलात तर सापडत नाही, कारण तिथं ते 'गोरिंखेम' असं लिहिलेलं असतं. पलीकडच्या काठावरचं गाव कागदावर वाउद्रिखेम, पण गावातली म्हातारी माणसं त्याला वुर्कम म्हणतात. आपल्याकडे नाही का, पाटीवर एक आणि एसटीच्या कंडक्टरच्या तोंडी दुसरंच!

तर हे वाउद्रिखेम. १३५६ साली शहराचा दर्जा मिळाला, म्हणून डच लोक त्याला कौतुकानं शहर म्हणतात, पण आहे ते गावच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला दहा मिनिटं पुरतात. चहूबाजूंनी मातीचा तट, त्यावर गवत, तटावर एक पवनचक्की. चर्चचा बुरूज वर निमुळता व्हायच्या ऐवजी मधेच कापल्यासारखा थांबतो, म्हणून लोकांनी त्याचं नाव ठेवलंय 'मोहरीची बरणी'. १८५१ मधलं एक शस्त्रागार आहे, तुरुंग म्हणून वापरलेली एक जुनी वेस आहे, आणि जुन्या लाकडी-लोखंडी होड्यांनी भरलेलं छोटंसं बंदर. बस्स. पर्यटकांच्या झुंडी इथं येत नाहीत. आपली मंडळी ॲम्स्टरडॅम, ट्युलिपची बाग आणि किंडरडाइकच्या पवनचक्क्या करून परत जातात. त्यात त्यांची चूक नाही, आठ दिवसांत किती बघणार! पण नेदरलँड्समध्ये थोडं जास्त दिवस राहणाऱ्या माणसानं एक अख्खा दिवस इकडे द्यावा असं माझं प्रामाणिक मत आहे. आणि तो सायकलवर द्यावा.

सायकल का, तर इथला सगळा भूगोल बांधावरून दिसतो. डाइक म्हणजे नदीकाठचा उंच बांध. त्याच्या माथ्यावरून रस्ता जातो. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला गाव, आणि नीट पाहिलं तर लक्षात येतं की भरतीच्या दिवसांत नदीचं पाणी गावातल्या अंगणापेक्षा वर असतं. हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं की पोटात जरा गोळा येतो. तिथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही, ते निवांत पडदे उघडे टाकून चहा पीत बसलेले असतात.

गावासमोर दोन नद्या भेटतात. ऱ्हाइनचा मोठा फाटा वाल आणि फ्रान्समधून येणारी मास. संगमानंतर नदीचं नाव बदलतं, ती मेर्वेदे होते. (कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाची सवय असलेल्याला हे नाव बदलणं जरा खटकतं.) खरं म्हणजे मास आता इथं नावापुरतीच येते. या दोन नद्या एकत्र आल्या की पूर ठरलेला, म्हणून डचांनी १९०४ मध्ये मासला दक्षिणेकडून वेगळा खोदीव मार्ग दिला आणि जुन्या पात्रावर बंधारा घातला. उरलेल्या तुकड्याचं नाव काय, तर 'बंधारा घातलेली मास'. नाव ठेवताना हे लोक कल्पनाशक्ती खर्च करत नाहीत.

आणि संगमाच्या बरोबर टोकावर, दोन पाण्यांच्या मधल्या जिभेवर, लुव्हेस्टाइनचा किल्ला. माझं आजचं सगळं बोलणं खरं तर या किल्ल्याबद्दल आहे.

वाउद्रिखेमहून उन्हाळ्याच्या मोसमात एक छोटी होडी सुटते. फक्त माणसं आणि सायकली. काही मिनिटांत पलीकडे. झाडीमागून किल्ला दिसतो तो विटांचा, चौकोनी, थोडा ठेंगणा. डिर्क लूफ व्हान होर्न नावाच्या सरदारानं तो चौदाव्या शतकात, १३६० च्या आगेमागे बांधला. कारण उघड आहे, दोन नद्यांवरून जाणाऱ्या प्रत्येक गलबताकडून जकात उकळायची. सह्याद्रीतले किल्ले पाहून वाढलेल्या माणसाला हा किल्ला आधी किल्लाच वाटत नाही. ना कडा, ना चढ, ना धाप लागणं. राजगडाची चढण चढून घामाघूम झालेल्या माणसाला इथं थेट दारापर्यंत सायकल नेता येते म्हणजे फसवणूकच! पण इथं डोंगराचं काम पाणी करतं. आपल्याकडे शत्रूला वर चढायला लावायचं, इथं त्याला चिखलात उतरायला लावायचं.

ते किती नेटानं केलं जाई हे समजायला १६७२ साल बघावं लागतं. (आपल्याकडे त्याच वर्षी मराठ्यांनी साल्हेरची लढाई जिंकली.) चौदाव्या लुईची फौज हॉलंडवर चालून आली तेव्हा डचांनी बांध फोडून आपलीच शेतं बुडवली. पाणी किती, तर गुडघाभर, फार तर अर्धा मीटर. त्यात होडी चालत नाही, तोफेचा गाडा रुततो, आणि पायदळाला पुढचा खड्डा दिसत नाही. फ्रेंच फौज अडली. गोर्कम, वाउद्रिखेम आणि लुव्हेस्टाइन हा तटबंदीचा त्रिकोण त्या जलरेषेच्या दक्षिण टोकाकडचा कोपरा. पुढे १८१५ नंतर ही रेषा नव्यानं आखली गेली, किल्ले वाढले, पलीकडे वालच्या काठावर फोर्ट व्ह्युरेन बांधला गेला. २०२१ मध्ये युनेस्कोनं ही सगळी जलरेषा जागतिक वारशात घेतली. गावाभोवती एवढं हिरवं कुरण कसं काय उरलं, असं कुणी विचारलं तर त्याचंही उत्तर यात आहे. तोफांच्या माऱ्यात येणाऱ्या जमिनीवर पक्कं बांधकाम करायला बंदी होती. लष्करानं नकळत पर्यटन खात्याचं काम करून ठेवलं.

असो. डच मुलांना लुव्हेस्टाइन माहीत असतो तो जलरेषेमुळे नाही. एका पेटीमुळे.

ह्यूगो द ग्रोट हा डेल्फ्टचा मुलगा. जन्म १० एप्रिल १५८३. अकराव्या वर्षी लायडन विद्यापीठात. पंधराव्या वर्षी डच शिष्टमंडळाबरोबर फ्रान्सच्या राजापुढे, आणि राजानं त्याला 'हॉलंडचा चमत्कार' म्हटलं असं सांगतात. लॅटिनमध्ये त्याचं नाव ग्रोशियस, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो याच नावानं ठाऊक असतो. आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक वगैरे. पंचविशीत त्याचं मारिया व्हान रायखर्सबेर्ख या झीलंडच्या मुलीशी लग्न झालं. तिशीत तो रॉटरडॅमचा मोठा अधिकारी झाला. एकूण सगळं छान चाललं होतं.

मग धर्मशास्त्राचं भांडण सुरू झालं. माणसाचा उद्धार होणार की नाही हे देवानं आधीच ठरवून टाकलंय, की त्यात माणसाच्या इच्छेलाही काही जागा आहे, असा वाद. आर्मिनियसचे अनुयायी दुसऱ्या बाजूचे. वाचताना वाटतं, एवढ्यासाठी? पण वाद उद्धाराचा असला तरी त्याच्या खाली भलतीच कलमं होती. चर्चवर हुकूमत कुणाची, स्पेनशी तह चालू ठेवायचा की लढाई, आणि देशात शेवटचा शब्द वकील-व्यापाऱ्यांचा की सेनापती मॉरिट्सचा. वकिलांच्या बाजूचा म्होरक्या म्हणजे म्हातारा ओल्डनबार्नेव्हेल्ट, ग्रोट त्याचा उजवा हात. ऑगस्ट १६१८ मध्ये मॉरिट्सनं सगळ्यांना अटक केली. १३ मे १६१९ रोजी, एक्काहत्तर वर्षांच्या ओल्डनबार्नेव्हेल्टचं डोकं हेगमध्ये भर चौकात उडवलं. पाच दिवसांनी ग्रोटला जन्मठेप, आणि मालमत्ता जप्त. जूनमध्ये त्याला लुव्हेस्टाइनला आणलं. वय छत्तीस.

सहनशीलतेचा देश म्हणून आपण नेदरलँड्सकडे बघतो. ते बरोबरही आहे. पण या एका नदीच्या वळणावर किती माणसं आपल्या मतासाठी मेली त्याचा हिशेब मांडला तर जरा गप्प व्हायला होतं. १५७० च्या डिसेंबरात हर्मान द राउटर हा बैलांचा व्यापारी साथीदारांसह लुव्हेस्टाइनमध्ये घुसला, स्पॅनिश सत्तेविरुद्ध किल्ला काही दिवस धरला आणि शेवटी दारूगोळ्यासकट स्वतःला उडवून घेतलं. दोनच वर्षांनी त्याच्याच बाजूच्या बंडखोरांनी गोर्कममधल्या कॅथलिक पाद्र्यांना पकडून नेलं आणि ९ जुलै १५७२ रोजी त्यांतल्या एकोणीस जणांना ब्रिले इथं फाशी दिली. आज पीडित तो उद्या पीडा देणारा. मग १६१९ मध्ये प्रोटेस्टंटांनी प्रोटेस्टंटांनाच कोंडलं. हा देश सहनशील झाला तो जन्मतः नव्हे, थकून झाला असावा असं मला कधी कधी वाटतं.

कैदेत मारियानं नवऱ्याबरोबर राहायची परवानगी मागितली आणि मिळवली. मुलंही आणली. सरकार कैद्याच्या खर्चासाठी भत्ता देत होतं, तो तिनं नाकारला. नवऱ्याला मी पोसेन, तुमचे पैसे नकोत, असा खाक्या. तिला बाजारहाटासाठी नदीपलीकडे गोर्कमला जायची मुभा होती. तिथं डाट्सलार नावाचं व्यापारी कुटुंब त्यांच्या ओळखीचं. याच घराच्या मार्फत ग्रोटसाठी पुस्तकांची पेटी यायची. वाचून झालेली पुस्तकं परत, नवी पुस्तकं आत. मैले कपडेही जायचे त्यातून.

आणि हा गृहस्थ लिहीत होता. त्या खोलीत त्यानं हॉलंडच्या कायद्याची ओळख करून देणारा ग्रंथ लिहिला, तोही लॅटिन सोडून डचमध्ये. तो १६३१ मध्ये छापला गेला. डचांबरोबर तो कायदा केपला गेला, सिलोनला गेला, आणि दक्षिण आफ्रिका व श्रीलंका या दोन देशांत रोमन-डच कायद्याची परंपरा अजून चालू आहे, तिथं ग्रोशियसचा दाखला अजून दिला जातो. खलाशांना दूरच्या प्रवासात इतर धर्मीयांशी बोलताना उपयोगी पडावं म्हणून ख्रिस्ती धर्माच्या समर्थनाचं एक दीर्घ पद्यही त्यानं इथंच रचलं. खोली आज बघायला मिळते. भिंती जाड, खिडकी लहान, बाहेर खंदक आणि त्यापलीकडे नदीचं पाणी. किल्ल्यात उंदीर फार, असं म्हणतात. पुस्तकांच्या दृष्टीनं वाईटच.

सुरुवातीला पहारेकरी पेटी उघडून बघायचे. मग कंटाळले. कोणत्याही सरकारी व्यवस्थेत असं होतंच, आणि हे मारियाच्या आधी लक्षात आलं. पेटी साधारण दीड मीटर लांबीची. ग्रोट उंच नव्हता, आणि दुमडून बसलं तर मावत होता. मारियानं त्याला झाकण लावून पेटीत पडून राहायची सवय करायला लावली. आधी थोडा वेळ, मग तास, मग दोन तास. हवा फक्त कुलपाच्या भोकातून. हे सगळं तिच्या डोक्यातलं. तो हुशार माणूस पुस्तकात डोकं खुपसून बसलेला, आणि सुटकेचा आराखडा बायकोचा.

२२ मार्च १६२१. किल्लेदार कामासाठी हॉइस्डनला गेलेला. त्याच्या बायकोशी मारियानं आधीच सूत जमवून ठेवलं होतं. नवरा वाचून वाचून आजारी पडतोय, ही पुस्तकं एकदाची घालवून टाकते, असं तिला सांगितलं आणि परवानगी घेतली. ग्रोट पेटीत शिरला, उशाला बायबलचा नवा करार घेतला असं सांगतात. त्याचे कपडे खुर्चीवर नेहमीसारखे ठेवले, पलंगाचे पडदे ओढले, आजारी माणूस झोपलाय. शिपाई पेटी उचलायला आले तर जड लागली. आत तो आर्मिनियनच आहे की काय, असं एक जण म्हणाला. आर्मिनियन पुस्तकं भारीच असतात, असं मारियाचं उत्तर. (हे संवाद पुढच्या पिढ्यांनी घासूनपुसून चकचकीत केलेले असणार. पण ते असेच व्हायला हवे होते, एवढं खरं.)

पेटीबरोबर होडीत गेली एल्शे व्हान हाउवेनिंग. मोलकरीण, वय विशीच्या आसपास. तिला आधी विचारलं होतं, जाशील का? ती हो म्हणाली. या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात अवघड जागा तिची, असं मला तरी वाटतं. ग्रोट पेटीत होता, त्याला काही करायचं नव्हतं, फक्त खोकायचं नव्हतं. मारिया खोलीत होती. भर नदीत, वारा सुटलेला, हलणाऱ्या होडीत शिपायांदेखत चेहरा सरळ ठेवून बसायचं होतं ते एल्शेला. पेटी घसरू नये म्हणून तिनं ती दोरीनं बांधून घ्यायला लावली. पकडली गेली असती तर ग्रोटला परत खोली मिळाली असती, मारियाला अब्रू होती, नातेवाईक होते. एल्शेला कोण होतं?

गोर्कमच्या काठावर पेटी उतरली, डाट्सलारांच्या घरी पोचली. ग्रोट बाहेर आला. गवंड्याचे कपडे चढवले, हातात थापी आणि मोजपट्टी, आणि भर बाजारातून चालत नदीवर. तिथून होडीनं पलीकडे, वालवाइकमार्गे अँटवर्प, मग पॅरिस. गोर्कममध्ये त्याच्या नावाचं एक छोटं दार आजही दाखवतात. तिथं उभं राहून बघितलं तर बाजार अगदी जवळ. एवढंच अंतर, पण पांढरे हात असलेल्या गवंड्याला ते किती लांब वाटलं असेल.

मारिया मागेच राहिली. किल्लेदार परत आल्यावर तिनं सरळ सांगून टाकलं की पिंजरा इथं आहे, पाखरू गेलं. तिला कोंडलं, पण दोनेक आठवड्यांत सोडून दिलं. पतिव्रतेला शिक्षा करणं मॉरिट्सच्या सरकारलाही बरं दिसलं नसतं.

आता मराठी माणूस इथवर आला की त्याच्या डोक्यात काय येणार हे सांगायला नको. ऑगस्ट १६६६, आग्रा, मिठाईचे पेटारे. आजारपणाचं सोंग, पहाऱ्याची सवय होऊन ढिलाई, पलंगावर पांघरूण घेऊन पडलेला हिरोजी फर्जंद. तपशील इतके जुळतात की अंगावर काटा येतो. महाराज पेटाऱ्यात बसून निघाले की वेष पालटून पेटाऱ्यांबरोबर चालत, यावर आपल्या इतिहासकारांत मतभेद आहेत. पण पंचेचाळीस वर्षांच्या अंतरानं दोन टोकांना तीच युक्ती सुचावी यात नवल कसलं. पहारेकरी सगळीकडे सारखेच, रोज दिसणारी वस्तू ते बघायचं सोडतात. फरक पुढचा आहे. महाराज सुटले ते आपल्या राज्यात परतले. ग्रोट सुटला आणि देशाला कायमचा मुकला. १६३१ मध्ये तो हिंमत करून परत आला, तर त्याला पकडण्यासाठी बक्षीस लागलं आणि पुन्हा पळावं लागलं. पुढे पॅरिसमध्ये स्वीडनचा वकील म्हणून राहिला. १६४५ मध्ये जहाज वादळात सापडल्यावर थकलेल्या अवस्थेत रोस्टोक इथं वारला. मेल्यावर मात्र डेल्फ्टनं त्याला घेतलं, मोठ्या चर्चमध्ये पुरलं, १८८६ मध्ये बाजारचौकात पुतळाही उभारला. जिवंत माणसापेक्षा पुतळा सोयीचा, हे आपल्यालाही चांगलं ठाऊक आहे.

पेटीचं काय झालं? ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये एक आहे. लुव्हेस्टाइनमध्ये एक आहे. डेल्फ्टनंही एक ठेवली आहे. कोणती खरी यावर वाद घालायला डचांना आवडतं. लुव्हेस्टाइनमध्ये शाळेच्या सहली येतात, पोरं पेटीत बसून बघतात, खिदळतात. आणि मार्गदर्शक सांगतात की या माणसानं जगाला सागरी स्वातंत्र्याचं तत्त्व दिलं.

इथं माझी सायकल जरा अडते.

कारण त्या तत्त्वाची जन्मकथा आपल्या बाजूनं वाचली की वेगळी दिसते. २५ फेब्रुवारी १६०३ ला डच कप्तान हेम्सकेर्कनं सिंगापूरजवळ 'सांता कातारीना' हे पोर्तुगीज जहाज पकडलं. आतला माल विकून इतका पैसा आला की युरोपात खळबळ उडाली. आता ही लूट की न्याय्य जप्ती? डच ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूनं हे मांडायला एक तरुण वकील हवा होता. विशीतल्या ग्रोटनं ते काम घेतलं. लिहिलं भरपूर, त्यातलं एक प्रकरण १६०९ मध्ये नाव न घालता 'मारे लिबेरुम', म्हणजे मुक्त समुद्र, म्हणून छापलं. बाकीचं हस्तलिखित १८६४ पर्यंत कुणाला ठाऊकच नव्हतं, ते एका लिलावात निघालं. पुस्तकाचं म्हणणं असं की समुद्र हवेसारखा आहे, तो कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही. पोपनं पूर्वेकडचा समुद्र पोर्तुगीजांना देऊन टाकला हा दावा पोकळ आहे. आणि पूर्वेकडच्या लोकांना त्यांचे स्वतःचे राजे आहेत, कायदे आहेत, ते ख्रिस्ती नाहीत म्हणून त्यांचं राज्य कुणी शोधलं असं होत नाही.

१६०९ मध्ये एका युरोपियनानं हे लिहावं हे मोठंच आहे. कोकणच्या माणसाला तर ते जास्तच कळेल. त्या काळी अरबी समुद्रात गलबत हाकायचं तर पोर्तुगीजांचा 'कार्ताझ' घ्यावा लागे, म्हणजे आपल्याच दारात फिरायचा परवाना. नाही घेतला तर जहाज जप्त. आदिलशाहीनं घेतला, मोगलांनी घेतला. पुढे महाराजांनी आरमार उभारलं, आज्ञापत्रात आरमाराला राज्याचं स्वतंत्र अंग मानलं गेलं, आणि कान्होजी आंग्र्यांनी तर फिरंग्यांनाच दस्तक घ्यायला लावलं. मुक्त समुद्राचं तत्त्व आपल्याकडे कुणी लिहिलं नाही, पण परवान्याला परवान्यानं उत्तर देणं जमलं.

आणि डच? त्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध समुद्र मुक्त करून घेतला आणि लगेच आपल्यासाठी बंद केला. १६१३ मध्ये लंडनला इंग्रजांशी वाटाघाटी झाल्या, तेव्हा डचांनी बेटांशी केलेले मक्तेदारीचे करार कसे न्याय्य आहेत हे सांगायला कोण गेलं होतं? ग्रोटच. इंग्रजांनी त्याच्यापुढे 'मारे लिबेरुम'चेच मुद्दे टाकले.

सगळ्यात बोचतं ते साल. १६२१ चा मार्च. ज्या आठवड्यांत एल्शे त्या पेटीशेजारी बसून वाल ओलांडत होती, त्याच आठवड्यांत कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरस्झोन कूनच्या फौजा इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर उतरल्या होत्या. कशासाठी, तर जायफळ आणि जायपत्रीसाठी. तेव्हा ती फक्त तिथंच पिकत. बांदाचे लोक इंग्रजांना माल विकत, म्हणजे ग्रोटच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मुक्त व्यापार करत होते. अंदाजे पंधरा हजारांच्या वस्तीतले बहुतेक मारले गेले, उपाशी मेले, गुलाम म्हणून नेले गेले किंवा पळाले. हजारभर राहिले असतील. त्यांना कुणी पेटी आणून दिली नाही. श्रीखंडात जायफळ किसताना मला आता हे आठवतं, इलाज नाही.

यात ग्रोटचा दोष किती? बांदाच्या वेळी तो स्वतः कैदी होता, त्याच्या हातात काही नव्हतं. पण वकिलानं अशिलासाठी लिहिलेलं तत्त्व अशिलाला बांधत नाही, हे त्याला लंडनमध्येच कळलं असणार. १६२५ मध्ये पॅरिसला त्यानं युद्ध आणि शांततेच्या कायद्यावरचा मोठा ग्रंथ छापला. युद्धातसुद्धा काही गोष्टी करायच्या नसतात, हे त्यात शेकडो पानं खर्चून सांगितलंय. ते लिहिणारा माणूस स्वतः बेकायदा खटल्यात अडकला होता, कोंडला गेला होता, निर्वासित होता. मला तो माणूस 'मारे लिबेरुम'च्या हुशार तरुणापेक्षा जवळचा वाटतो. हेगच्या शांतता प्रासादातल्या ग्रंथालयात त्याच्या पुस्तकांचा मोठा संग्रह आहे, तो या दुसऱ्या माणसासाठी असावा अशी माझी समजूत.

वेंगुर्ल्याला गेलात तर डचांची पडकी वखार बघा. १६३७ च्या सुमारास आदिलशाहीकडून परवानगी घेऊन त्यांनी तिथं ठाणं टाकलं, गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करायला ते सोयीचं होतं. आग्र्याच्या आधीचे आणि नंतरचे महाराज या डचांच्या पत्रव्यवहारात येतात, आपल्या अभ्यासकांनी ते कागद वापरलेत. लुव्हेस्टाइनच्या विटा आणि वेंगुर्ल्याचा चिरा, एकाच कंपनीच्या गोष्टीची दोन टोकं. एकाला तिकीट, उपाहारगृह आणि मुलांसाठी शिरस्त्राणं. दुसऱ्याच्या भिंतींत झाडं.

किल्ल्यातून बाहेर पडलं की मात्र डोकं हलकं करायला जागा आहे. किल्ल्याभोवतीच्या मुनिकनलँडमध्ये पायवाटा आहेत, अर्धरानटी घोडे आणि गाई मोकळ्या चरतात, त्यांच्यापासून अंतर ठेवायच्या पाट्या आहेत. हे कुरणही एका पुराचं देणं. १९९५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत नद्या इतक्या चढल्या की या पट्ट्यातल्या अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर डचांनी शतकांची सवय मोडली. बांध आणखी उंच करायच्या ऐवजी काही ठिकाणी ते मागे सरकवले, नदीला जागा दिली. इथला बांध २०१५ च्या सुमारास मागे गेला, त्यामुळे मोठं पाणी आलं की किल्ला बेटासारखा होतो. शेतकऱ्यांना जमिनी सोडाव्या लागल्या, सगळं हसतखेळत झालं नाही.

अजून पायांत जोर असेल तर पश्चिमेला व्हेर्केन्डामकडे सायकल हाणावी. तिथून बीसबॉश सुरू होतं. १८-१९ नोव्हेंबर १४२१ च्या सेंट एलिझाबेथच्या पुरात जी सुपीक जमीन बुडाली, तिथं आज खाड्या, वाळुंजीची बनं आणि १९८८ पासून परत आणून सोडलेले बीव्हर आहेत. बीव्हर काही दिसत नाहीत, त्यांनी कुरतडलेली झाडं दिसतात.

एल्शेचं पुढे काय झालं हे मी वाउद्रिखेमच्या होडीवाल्याला विचारलं होतं. तिनं ग्रोटच्याच नोकराशी लग्न केलं, तो कैदेत मालकाकडून कायदा शिकला आणि वकील झाला, असं त्यानं सांगितलं, आणि पुस्तकांतही तसंच आहे. ग्रोटचा सहकैदी होगरबेट्स मात्र त्याच किल्ल्यात राहिला. त्याची बायको तिथंच कैदेत वारली. त्याला १६२५ मध्ये बाहेर पडता आलं आणि त्याच वर्षी तो गेला. त्याची खोलीही दाखवतात. तिथं सहलीची पोरं फार थांबत नाहीत, पेटी पुढच्या दालनात आहे ना.